ताकद वाढवण्याआधी गाडी धड करा

प्रश्न : माझी टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेली पेट्रोल गाडी ७० हजार किलोमीटर चालली आहे. कन्नड घाटात ओढ कमी वाटते. रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करू का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : भाऊ, आत्ता मुळीच नको. ओढ कमी झाली म्हणजे बहुतेक टर्बोने दाबलेली हवा कुठेतरी गळतेय. इंटरकूलरचे (ही हवा थंड करणारा भाग) होज म्हणजे नळ्या नि क्लॅम्प आधी तपासा. प्लग, एअर फिल्टर, कूलंटही बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि गरम हवेत नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) वाढतं. आणि ऑइल! टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर. मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं घ्या, मुदतीआधी बदला. घाट चढून थांबलात तर टर्बो थंड व्हायला इंजिन मिनिटभर चालू राहू द्या. तरीही ओढ आली नाही तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. रीमॅपचं नंतर बोलू.