दिवसाला लिटरभर दूध

"माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. मी विजयनगरला एका कंपनीत नोकरी करते. सकाळी नऊला घर सोडते ते संध्याकाळी सातला परत. तोवर तो रामबागेत सासूबाईंकडे असतो. त्या त्याच्याशी नुसत्या गप्पा मारतात, गॅलरीतून कचरागाडी दाखवतात, मटार सोलायला बसवतात. शिकवणं असं काहीच नाही. पुण्याच्या नणंदेची मुलगी याच्याहून दोनच महिन्यांनी मोठी. ती 'ब्रेन डेव्हलपमेंट'च्या क्लासला जाते आणि 25 देशांचे झेंडे ओळखते. आमचा 'गाडी आ गई, आजी बघ' अशी खिचडी बोलतो. मी 400 फ्लॅशकार्डं आणली, तर ती चावून ठेवतो. जवळच्या क्लासची तीन महिन्यांची फी 18,000 आहे. मेंदूची वाढ तीन वर्षांपर्यंतच होते म्हणतात, म्हणजे हाती नऊच महिने राहिले. जेवताना मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, पण दूध दिवसाला लिटरभर पितो, त्यामुळे खाण्याची तशी चिंता नाही. मला उशीर झाला का?"
— एक आई, इंदूर

अगं, जिथे तू 'चिंता नाही' असं लिहिलंस, नेमकी तिथेच मला चिंता वाटली. झेंडे, कार्डं, क्लास हे सगळं मागून बघू. आधी दूध.

सव्वादोन वर्षांच्या मुलाला दिवसाला हजारेक कॅलरी लागतात. लिटरभर दुधात, ते किती सायीचं आहे त्यावर, सहाशे ते आठशे सहज असतात. मग वरणभाताला पोटात जागा कुठे उरणार? त्याला भूकच नसते. भूक नाही म्हणून तो तोंड उघडत नाही, तोंड उघडत नाही म्हणून मोबाइल लागतो, आणि पडद्याकडे बघताना घास कधी गेला हे त्याला कळतही नाही. तुम्ही मोबाइल काढून घ्यायचा प्रयत्न केला असणार आणि घरभर रडारड झाली असणार. मोबाइल हा शेवटचा दुवा आहे. सुरुवात बाटलीत आहे.

आपल्या माळव्यात दूध-तूप पोटात गेलं की पोर पोसलं, असं समजतात. दूध चांगलंच, पण त्यात लोह जवळजवळ नसतं, आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही. लोह फक्त रक्तासाठी लागतं असं नाही. मेंदूतल्या तंतूंवर जे आवरण चढतं, ज्यामुळे निरोप झपाट्याने जातात, ते घडायलाही लोह लागतं. या वयात ते फार काळ कमी पडलं तर पुढे औषधाने हिमोग्लोबिन भरून येतं, पण लक्ष लागणं, शिकणं यांवर झालेला परिणाम प्रत्येक वेळी पूर्ण पुसला जातोच असं नाही. ही काही फक्त गरिबाघरची गोष्ट नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या दर शंभर मुलांत सुमारे 73 मुलं रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेली, म्हणजे अ‍ॅनिमिक निघाली.

आणि ती चावलेली कार्डं. या वयाची मुलं काहीही तोंडात घालतात, त्यात विशेष नाही. पण कागद, माती, भिंतीचे पोपडे असं काही तो पुन्हा पुन्हा खात असेल, तर तेही लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना हे आवर्जून सांग. हिमोग्लोबिन तपासून घे. त्याच्या वयाला 11 च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. लोहाचं औषध द्यायचं का आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. दुकानातून टॉनिक आणून सुरू करू नकोस.

दूध अर्ध्या लिटरच्या आत आण. बाटली बंद, कपातून, आणि जेवणाच्या आधी नाही, नंतर. पहिले काही दिवस तो आकांडतांडव करील, एखादं जेवण टाकीलही. सोसा. डाळ, पालक, मसूर, अहळिवाची खीर, चालत असेल तर अंडं; आणि वर लिंबू पिळ, कारण क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. पोह्यांवरही लिंबू हवं. पोह्यांवरचा तो इंदुरी मसाला, जिरावन, मात्र अजून आपल्याच बशीत राहू दे.

आता तुझे नऊ महिने. तिसऱ्या वाढदिवसाला कुठलंही दार बंद होत नाही. पाच वर्षांपर्यंत मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या सुमारे 90 टक्के होतो हे खरं, आणि पहिल्या वर्षांत पेशींच्या जोडण्या पुढे कधी होत नाहीत एवढ्या वेगाने होतात हेही खरं. पण त्या पक्क्या होणं, नको त्या गळणं, हे पंचविशीपर्यंत चालतं. ज्यांना फी घ्यायची असते ते पहिलं वाक्य सांगतात आणि दुसरं गिळतात. 'उजवा मेंदू जागृत करतो' म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा. मेंदूच्या एका अर्ध्या भागाला वेगळी शिकवणी देता येत नाही.

मग जोडण्या पक्क्या कशाने होतात? तुझ्या सासूबाई जे करतात त्याने. तू 'नुसत्या गप्पा' लिहिलंस ना, ते वाचून मी कपाळाला हात लावला! कचरागाडीचं गाणं ऐकू येतं, पोरगा धावतो, बोट दाखवतो. आजी म्हणते, 'आली का गाडी? हिरवी का निळी?' तो काहीतरी बोलतो, ती त्याला पुढचा शब्द देते. मूल काहीतरी करतं, मोठं माणूस त्याला उत्तर देतं, मूल पुन्हा काहीतरी करतं. ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा व्हावी लागते, आणि ती फक्त माणसाशी होते. 2003 मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांचा सिअ‍ॅटलमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचून दाखवली. अशा 12 बैठकांनंतर त्या बाळांना मँडरिनचे वेगळे ध्वनी ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, आणखी काहींना नुसतं ऐकवलं. त्यांच्या पदरात काही पडलं नाही. आता मला सांग, कार्ड झरझर पालटून 'जपान, जर्मनी' म्हणणारी बाई यातल्या कोणाच्या जवळची? तुझ्या भाचीला झेंडे येतात, कौतुक आहे. पण मटाराची शेंग दाबून दाणे काढणारा, ते मोजल्यासारखं करणारा, एक आजीच्या तोंडात घालणारा मुलगा बोटं, नजर, भाषा आणि माया एकाच वेळी वापरतोय.

खिचडीचं म्हणशील तर इंदूरचं कुठलं मराठी पोर ती खात नाही? घरात मराठी, दारात हिंदी. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हा समज खोटा आहे. त्याचे शब्द मोजायचेच तर दोन्ही भाषांतले मिळून मोज. दोनपेक्षा जास्त शब्द जोडून तो आजीला बोलावतोय, म्हणजे या वयाला छान चाललंय. तो नावाला वळून बघत नसता, बोट दाखवत नसता, किंवा येणारे शब्द विसरायला लागला असता, तर मी तुला आजच तपासणीला पाठवलं असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं त्यासाठीच आहेत आणि तिथे पैसे पडत नाहीत.

संध्याकाळचे तुझे दोन तास उरले. त्यात त्याला काही शिकवायला बसू नकोस, तू दमलेली असतेस. कपड्यांच्या घड्या घाल आणि मोजे त्याला जोडायला दे. विचारलंस की थांब. आपण मोठी माणसं उत्तराची वाटच बघत नाही, दोन सेकंदांत स्वतःच बोलून मोकळे होतो. त्याला शब्द गोळा करायला वेळ लागतो, तेवढा दे. तुझा फोनही तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेव. तो काही सांगत असताना तू स्क्रीनकडे बघत 'हं' म्हणालीस, तर देवाणघेवाण तिथेच तुटते. पडद्याचं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की दोन वर्षांपर्यंत नकोच, त्यानंतर दिवसाला तासाभराच्या आत, कमी असेल तितकं बरं. झोप मात्र दुपारची धरून 11 ते 14 तास हवी. तू सातला येतेस म्हणून त्याला अकरापर्यंत जागवत असशील तर ते बंद कर. त्याचं उठणं सकाळी आठवर आण, पोहे त्याच्याबरोबर खा.

राहिली अवघड गोष्ट. दूध सासूबाई देतात, आणि ते कमी करा हे सुनेने सांगायचं, म्हणजे तू काय म्हणते आहेस यापेक्षा कोण म्हणतंय तेच त्यांना ऐकू येईल. म्हणून तू सांगूच नकोस. डॉक्टरांकडे त्यांना घेऊन जा आणि पुढच्या खुर्चीत बसव. 'दिवसभर याचं सगळं आईच बघतात, त्यांनाच विचारा,' म्हण, आणि गप्प राहा. किती दूध, कधी, काय खातो, हे त्याच सांगतील, आणि अर्ध्या लिटरचा आकडा त्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकतील. घरी आल्यावर नवऱ्याला मध्ये घेऊन 'बघ, मी म्हणत नव्हते' करू नकोस. क्लासला अ‍ॅडव्हान्स दिला असशील तर उद्याच परत माग.