तू का जातेस, ते लिहून ठेव

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीत मिळालेल्या नोकरीबद्दल दोन ओळी, आणि "सर, हे काम करणं चूक तर नाही ना?" यावर दोन पानं. वाचून बरं वाटलं. उत्तर तुझं तुलाच शोधावं लागेल; मी तुला जोसेफ रोटब्लाट यांच्याबद्दल सांगतो.

हे पोलिश भौतिकशास्त्रज्ञ १९४४ च्या सुरुवातीला अमेरिकेत लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामावर गेले. हिटलरने बॉम्ब केलाच, तर त्याला धाक म्हणून आपल्याकडेही हवा, एवढंच त्यांचं कारण. वर्ष संपताना कळलं, की जर्मनीने तो प्रयत्न सोडलाय. कारण उरलं नाही, म्हणून रोटब्लाट निघून गेले. बहुतेक सहकारी थांबले. ती वाईट माणसं नव्हती गं. कुणाला सिद्धांत खरा ठरतो का ते पाहायचं होतं, कुणाला पुढच्या नोकरीची धास्ती होती. पहिलं कारण गेलं आणि ही कारणं त्याच्या जागी येऊन बसली. रोटब्लाट पुढे वैद्यकीय भौतिकशास्त्राकडे वळले, अण्वस्त्रांविरुद्ध आयुष्यभर झटले. १९९५ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांना एकत्र आणणाऱ्या पगवॉश परिषदांना मिळालं.

आता तुझं क्षेत्र. मे २०२३ मध्ये एका वाक्याचं निवेदन निघालं: या तंत्रज्ञानामुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महासाथी आणि अणुयुद्धाइतकंच जगाच्या अग्रक्रमाचं काम असावं. त्यावर या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेफ्री हिंटन यांची सही होती, तशीच कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणाऱ्या ओपनएआय, डीपमाइंड आणि अँथ्रोपिक या कंपन्यांच्या प्रमुखांचीही. म्हणजे बनवणाऱ्यांनाच धोका दिसतोय. मग थांबत का नाहीत? "आपण थांबलो तर दुसरा पुढे जाईल." हे मी खोटं म्हणत नाही. पण हिटलरचं कारण एक दिवस संपलं. या कारणाला संपण्याचा दिवसच नाही. मला त्याची भीती वाटते.

मीही एका वित्तसंस्थेसाठी कर्जाचे अर्ज गाळणारा प्रोग्राम लिहिला होता. कुणी "का नाकारलं?" विचारलं, की खिडकीवरची मुलगी म्हणायची, "सिस्टिम नाही म्हणतेय." नियम माझे होते. मी आतल्या खोलीत गप्प बसून राहिलो. ते अजून टोचतं.

म्हणून रुजू होण्याआधी एका कागदावर लिही: मी का जातेय, आणि काय घडलं तर सोडेन. चाचणीत धोका दिसूनही प्रकाशनाची तारीख हलली नाही तर? शंका काढणाऱ्याला बाजूला केलं तर? माणसाला न विचारता यंत्राला कृती करायची मुभा दिली तर? खाली तारीख घाल. आणि घराचं कर्ज इतक्यात काढू नकोस. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू दे. हप्ते डोक्यावर असले की नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

दर दिवाळीला तो कागद उघड. कारण बदललेलं दिसलं तर मला फोन कर, कितीही रात्र झाली असली तरी.

तुझे,
सर