सेल नवे, गॅस आहे, टकटकही होते, तरी गॅस गीझर पेटत नाही. काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की नळ सोडला की टकटक सुरू होते, सात-आठ सेकंदांनी थांबते आणि गीझर पेटतच नाही. सेल परवाच बदललेत, त्याच सिलिंडरवरची शेगडी नीट चालते आणि मेकॅनिक म्हणतो सर्किट, म्हणजे ठिणगी आणि गॅस सांभाळणारा आतला इलेक्ट्रॉनिक भाग, बदलावं लागेल. माझं ऐकाल तर सर्किट एवढ्यात बदलू नका. टकटक ही ठिणगीची आहे, म्हणजे सर्किटचं निदान ठिणगीचं काम तरी चालू आहे.

सर्वांत आधी वास घ्या. गीझरजवळ आणि खाली जमिनीलगतही, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. वास आला तर पुढचं काहीही करू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही, आणि मग जाणकार माणूस बोलवा. वास नसेल तरच पुढे वाचा.

गीझर पेटण्याआधी आत एक साखळी चालते. पाणी वाहायला लागलं की त्याच्या दाबाने रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, सरकतो. पडद्याला जोडलेली पिन दोन कामं करते: गॅसचं पहिलं दार ढकलते आणि मायक्रोस्विच दाबते. स्विच दाबला गेला की सर्किटला सेलची वीज मिळते, ठिणगी पडू लागते आणि सोलेनॉइड हे गॅसचं दुसरं दार उघडतं. ज्योत पेटली की तिच्यात बुडालेली एक बारीक कांडी सर्किटला तसं कळवते. काही सेकंदांत ते कळलं नाही, तर सर्किट सगळं बंद करतं. तुमची टकटक थांबते ती यामुळे, आणि ती थांबायलाच हवी.

म्हणजे तुमच्याकडे पाणी पोचतंय, पडदा हलतोय, स्विच दाबला जातोय. अडतंय ते दोनच ठिकाणी: एकतर बर्नरवर पुरेसा गॅस येत नाही, किंवा ठिणगी चुकीच्या जागी पडतेय.

गॅसचं आधी बघू. शेगडी चालते म्हणजे गॅस ठीक आहे, हा समज मला फार वेळा भेटतो, आणि तो चुकीचा आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. शेगडीचा मोठा बर्नर दोन-तीन किलोवॉटचा असतो. संपत आलेला सिलिंडर, थकलेला रेग्युलेटर किंवा दबलेली नळी शेगडीची भूक भागवते, पण गीझरची नाही. थंडीत हे जास्त होतं. सिलिंडरमधल्या द्रवाचा वायू होताना तो स्वतःचीच उष्णता शोषतो, थंड पडतो आणि दाब उतरतो. अशा वेळी काही जण सिलिंडर आडवा करतात किंवा तापवतात. दोन्ही कधीही करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो.

आमच्याकडे असंच झालं होतं. दोन आठवडे टकटक, मग नवं सर्किट, तरी तीच टकटक. शेवटी सिलिंडर पुढे ओढला तेव्हा दिसलं की मागे रबरी नळी भिंतीला टेकून घडी पडल्यासारखी दुमडली होती. शेगडीला तेवढ्यातून पुरत होतं. नळी सरळ केली आणि पहिल्याच टकटकीला गीझर पेटला. म्हणून तुम्हाला आधी नळी बघायला सांगतोय: घडी, पीळ, जड वस्तूखाली दबणं. गीझरच्या अलीकडचा कॉक पूर्ण उघडा आहे ना, तेही पाहा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा अडकलेली असते. नळ बंद-चालू करत तीन-चार वेळा प्रयत्न करा, पण दर वेळी मध्ये मिनिटभर थांबा, म्हणजे न जळालेला गॅस निघून जाईल.

दुसरं दार, सोलेनॉइड, कानाने तपासता येतं. गीझरला कान न लावता, हातभर अंतरावरून ऐका. टकटक सुरू होताना एक वेगळा, जरा जाड 'खट्' असा आवाज यायला हवा. तो येत नसेल तर सेलकडे पुन्हा वळा, नवे असले तरी. ठिणगीला वीज थोडी पुरते, सोलेनॉइड उघडायला झटका जोराचा लागतो. दोन सेल मिळून ३ व्होल्ट देतात, पण ते टकटक चालू असताना मोजा. भार नसताना कमजोर सेलही ३ दाखवतो. भाराखाली अडीचच्या खाली घसरत असेल तर अल्कलाइन सेल टाका, दोन्ही एकदम. डब्यातल्या स्प्रिंगवर हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर पॉलिश पेपरने घासून काढा. सेल भक्कम असूनही 'खट्' नसेल, तर सोलेनॉइड, त्याची वायर किंवा सर्किट बघणं हे मेकॅनिकचं काम.

'खट्' येतोय, गॅस येतोय, तरी पेटत नाही? मग दिवा बंद करून गीझरच्या छोट्या खिडकीतून बघा. ठिणगी पाडणारी कांडी वेगळी असते; तिच्या टोकावरून ठिणगी बर्नरवर उडायला हवी. ती मधेच वायरमधून किंवा कांडीभोवतीच्या तडा गेलेल्या चिनी मातीतून पत्र्यावर उडत असेल, तर आवाज तोच येतो आणि ज्योत मात्र येत नाही. या कांडीवर काजळी किंवा जाळं असलं तरी असंच होतं.

आणखी एक शक्यता राहते. पाण्याचा प्रवाह जेमतेम असेल तर पिन अर्धवट सरकते: स्विच दाबला जातो, पण गॅसचं दार किलकिलंच राहतं. शॉवरऐवजी खालचा नळ पूर्ण सोडून बघा. त्यावर पेटला तर शॉवरची चाळणी आणि गीझरच्या पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी साफ करा. टाकीची उंचीही मोजा. दर मीटरला सुमारे ०.१ बार दाब मिळतो, आणि टाकी गीझरच्या जेमतेम मीटरभर वर असेल तर जाळी कितीही घासली तरी उपयोग नाही.

ज्यांचा गीझर पेटून दोन सेकंदांत विझतो, त्यांनी ज्योत ओळखणारी कांडी गार झाल्यावर बारीक पॉलिश पेपरने पुसावी. टकटकच होत नसेल तर पाणी, पडदा, स्विच आणि सेल याच क्रमाने जावं.

आता जे करायचं नाही ते. टकटक होऊन उशिरा 'भप्प' करून पेटत असेल तर गीझर त्याच क्षणी बंद करा. तो साचलेला गॅस पेटल्याचा आवाज आहे. काडेपेटीने पेटवू नका. कुठलाही सेन्सर किंवा कटआउट (धोका असताना गीझर बंद करणारा भाग) वायर जोडून टाळू नका, मेकॅनिकलाही टाळू देऊ नका.

आणि गीझर न्हाणीघराच्या आत असेल तर दुरुस्तीऐवजी तो बाहेर मोकळ्या हवेत हलवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एवढा बर्नर मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा खातो. दीड बाय दोन मीटरच्या, अडीच मीटर उंच बंद खोलीत हवाच ७५०० लिटर. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला आधी नुसतं गरगरल्यासारखं वाटतं आणि उठून दार उघडायचं बळही उरत नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली तर हे जवळ आलंय असं समजा.

आज नळी आणि कॉक पाहा, दिवा बंद करून ठिणगी बघा आणि 'खट्' ऐका. या तीन गोष्टींचं उत्तर इथे लिहिलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल. मेकॅनिकलाही हेच तीन प्रश्न विचारा. न बघताच तो सर्किट म्हणत असेल तर दुसरा शोधा.