ट्वेन्टी ऑड स्टुडंट्स : वीसेक मुलं की वीस विचित्र मुलं?

तुम्ही लिहिलंय की सहलीच्या रिपोर्टमध्ये 'ट्वेन्टी ऑड स्टुडंट्स' असं टाईप केलं आणि मॅडम हसल्या, का ते कळलं नाही. चूक छोटीच आहे, मध्ये हायफन टाकायचा राहिला. हायफन नसला की ऑड हे मुलांचं विशेषण होतं, म्हणजे वीस विचित्र मुलं! ट्वेन्टी-ऑड असं जोडलं की ते वीसला चिकटतं आणि अर्थ होतो वीस आणि वर काही.

मीही यात आपटलोय. एका शाळेच्या वार्षिक अहवालाचं प्रूफ माझ्याकडे होतं, त्यात 'थर्टी ऑड टीचर्स', आणि मी लाल पेन हातात असून सरळ पुढे गेलो, छापून आल्यावर स्टाफरूममध्ये आठवडाभर तोच विषय, आमच्यातला ऑड कोण म्हणून.

आता ऑडचा इथे 'विचित्र'शी संबंध काय? तर काहीच नाही. हा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ओड्डी वरून आलाय, म्हणजे टोक, त्रिकोणाचा कोपरा, त्यावरून तिसरा, जोडी लागल्यावर उरलेला. विषम संख्येला ऑड म्हणतात ते त्यामुळेच, आणि चारचौघांत न बसणारा तो विचित्र हा अर्थ नंतरचा. ट्वेन्टी-ऑडमध्ये तो जुना 'उरलेला, वरचा' जिवंत आहे.

म्हणून भाषांतर करताना मी 'वीसेक' डोळे मिटून लिहीत नाही. आपलं वीसेक अठरालाही चालतं, लग्नात वीसेक पानं वाढा म्हटलं तर एकोणीस वाढली तरी कोण विचारतंय. ट्वेन्टी-ऑड मात्र वीसच्या खाली उतरत नाही, त्याला 'वीसवर' किंवा 'वीस-बावीस' जास्त जवळचं. आणि हो, 'अबाउट ट्वेन्टी-ऑड' नको, अंदाजाला परत अंदाज कशाला.

बोलताना हा घोळ होत नाही बरं का. वीस आणि वर काही असेल तर ऑडवर जोर पडत नाही, पटकन निघून जातो, विचित्र म्हणायचं असेल तर ऑड ठासून म्हणतात. कागदावर तो जोर दिसत नाही, ते काम हायफन करतो. आकड्यात लिहिलं तरी तेच, 20-ऑड. फक्त गोल आकड्यांनाच लावा, ट्वेन्टी-थ्री-ऑड स्टुडंट्स कोणी म्हणत नाही.

रिपोर्ट वर्डमध्ये असेल तर साधा हायफन दाबू नका, कंट्रोल शिफ्ट धरून हायफन दाबा. मग ओळ संपताना ट्वेन्टी वर आणि ऑड स्टुडंट्स खालच्या ओळीत असं तुटत नाही, नाहीतर मॅडम परत हसतील.