प्रश्न तुमचे: विनोदी नाटक आणि मालिकालेखन

प्रश्न : आमच्या विनोदी नाटकाच्या वाचनाला सगळे पोट धरून हसले. नाशिकच्या साईखेडकर नाट्यगृहातल्या प्रयोगात मात्र पहिला अंक थंड गेला. नट तेच, वाक्यं तीच. चूक कुठे शोधावी? – एक वाचक, सिडको

उत्तर : आधी संहितेत शोधा, नटांना नंतर धरा. वाचनाला बसलेल्या मंडळींना कोण कोणाचा कोण हे ठाऊक असतं. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाची पहिली काही मिनिटं नाती लावण्यातच जातात, आणि तेवढ्यात टाकलेल्या कोट्या फुकट जातात. तिथे एकच गोष्ट रुजवा: कोणाला काय हवंय आणि ते कोणापासून लपवायचंय. गुपित प्रेक्षकाला माहीत आणि समोरच्या पात्राला नाही, असं झालं की नुसतं ‘चहा घेणार ना?’सुद्धा हशा घेऊन जातं.

मग वाक्यांचे शेवट तपासा. ‘मामांनी शब्द दिला, पण तोही उसना’ हे चालेल. ‘उसनाच होता मामांनी दिलेला शब्द’ हे पडेल, कारण हसू ‘उसना’लाच फुटायला लागतं आणि पुढचे शब्द त्याच्या आड येतात. हशाच्या लगेच पुढची ओळही बघा. ती दोन-तीन सेकंद ऐकूच जात नाही, म्हणून कथानकाची माहिती तिथे ठेवू नका. एखादी हालचाल किंवा भरीचं वाक्य ठेवा. तालमीत हशा नसतो, त्यामुळे ही चूक प्रयोगापर्यंत लपून राहते.

प्रयोगाला संहिता घेऊन मागच्या रांगेत बसा आणि हशा आला, आला नाही, नको तिथे आला, अशा तीन खुणा करा. तिसरी खूण सर्वांत बोलकी: तिथे तुमचं गंभीर वाक्य खोटं वाटलेलं असतं. एका प्रयोगावरून मात्र काही कापू नका.

प्रश्न : मालिका लिहायच्या तर नाशिक सोडावं लागेल का? – पंचवटी

उत्तर : नाटकासाठी तरी नाही. वसंत कानेटकर इथेच इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि इथूनच मुंबईच्या रंगभूमीसाठी लिहीत होते. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळ्या माणसांकडे असतात. नवख्याच्या वाट्याला साधारणपणे संवाद येतात, तेही घाईचे. हे काम घरून होतं. पण कथेच्या बैठका आणि ओळखी मुंबईतच, तेव्हा जाणं-येणं धरून चाला.

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं उरतात. नाटकवाले इथे फसतात ते लांबलचक तयारीमुळे. मालिकेत प्रवेश भांडणाच्या मध्यावर सुरू करावा आणि ब्रेकच्या आधी काहीतरी अडकवून ठेवावं. नटाची तारीख हुकली की त्याचा प्रवेश फोनवर उरकावा लागतो. त्याची तयारी ठेवा. नमुना म्हणून अख्खं नाटक पाठवू नका, ते कोणी वाचत नाही. दोन पानी कल्पना, पात्रांच्या टिपा आणि पूर्ण लिहिलेले दोन-तीन प्रवेश पुरेत.

प्रश्न : निर्माते ‘संहिता द्या, करार नंतर बघू’ म्हणतात. द्यावी का? – सिन्नर

उत्तर : वाचायला द्या, पण आधी नोंदणी करा; कॉपीराइट कार्यालयात करा किंवा सभासद होऊन स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे. पाठवताना ईमेलच वापरा, तारीख राहते.

हक्क मात्र लेखी कराराशिवाय देऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो तुमच्याकडे परत येतो, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व माध्यमे’ असे शब्द दिसले की सही थांबवा. नाटकाचे प्रयोग, मालिका, चित्रपट आणि भाषांतर यांची कलमं वेगवेगळी मागा, आणि प्रत्येक प्रयोगाचं मानधन किती व कधी मिळणार तेही त्यातच लिहून घ्या.