'फाइल वाढली' म्हणजे नक्की काय झालं?

विचारणा अशी आहे: एका सॉफ्टवेअरच्या मराठी माहितीपुस्तिकेत 'असिंक्रोनस वेब सर्व्हरवरून स्टॅटिक फाइल सर्व्ह करणे' असं प्रकरण आहे. त्याचं शीर्षक विचारणाऱ्यांनी 'अतुल्यकालिक जालसेवकाद्वारे स्थिर धारिका वाढणे' असं केलं आणि कार्यालयात हशा पिकला. चूक कुठे झाली? (वेब सर्व्हर म्हणजे मागणी आली की संकेतस्थळाच्या फायली पाठवणारा प्रोग्राम.)

हशाचं खापर मी 'सर्व्ह'साठी घेतलेल्या 'वाढणे'वर फोडेन. मराठीत ही दोन क्रियापदं आहेत, एकाच वेषातली. एक अकर्मक: मूल वाढतं, गवत वाढतं. दुसरं सकर्मक: आई भात वाढते. पंगतीत घोटाळा होत नाही, कारण भात आपणहून मोठा होत नसतो. फाइल मात्र होते! सर्व्हरवरच्या नोंदींची फाइल दिवसागणिक फुगते आणि एका रात्री डिस्क भरून सगळं बंद पाडते. त्यामुळे 'फाइल वाढली' हे ऐकून सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या पोटात गोळा येणार, आणि तुम्हाला म्हणायचं होतं की ती ग्राहकाला मिळाली. 'सर्व्हरने फाइल वाढली' असं लिहिलं की व्याकरण सावरतं, पण प्रत्येक वाक्यात 'सर्व्हरने' कोण लिहीत बसणार? 'वाढवणे' तर आणखी धोक्याचं. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात. 'फुटली' म्हणायचं नाही म्हणून. 'फाइल वाढवली' ऐकून माझ्या आजीने हळहळ व्यक्त केली असती.

तरी माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. वाढताना पातेलं रिकामं होत जातं. सर्व्हरचं तसं नाही. हजार जणांना दिली तरी मूळ फाइल जागच्या जागी. द्रौपदीच्या थाळीचीही एक मर्यादा होती, तिचं जेवण झालं की ती त्या दिवसापुरती संपे. इथे तेही नाही. म्हणून 'पुरवणे' घ्या. हट्ट पुरवतात, माहिती पुरवतात. आधी मागणी, मग पुरवठा, हा क्रम त्या शब्दातच आहे, आणि वेब सर्व्हर मागितल्याशिवाय सहसा काही देत नाही.

आता 'स्थिर'. शाळेत आपण 'स्थितिक विद्युत' शिकलो, तेव्हा स्टॅटिकला स्थिर म्हणणं अगदीच निराधार नाही. पण स्टॅटिक फाइल स्थिर असते का? संकेतस्थळाची रंगसंगती बदलली की तीच फाइल बदलते. बदलू शकते म्हणूनच ब्राउझर जुनी प्रत हाताशी असताना विचारतो, 'हिच्यानंतर काही बदल?' नसेल तर सर्व्हर फाइल न पाठवता फक्त ३०४ हा आकडा कळवतो. फाइल खरोखर स्थिर असती तर हा आकडा लागलाच नसता.

मग स्टॅटिक म्हणजे काय? मागणी आल्यावर शिजवावी लागत नाही ती. पानाची डावी बाजू आठवा: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. ते आधीच करून ठेवलेलं असतं, कोण जेवायला बसलंय यावर ते ठरत नाही. पुरी मात्र माणूस बसल्यावर कढईत पडते. चित्रं, वेबपानाच्या मांडणीच्या फायली, फाँट ही डावी बाजू. तुमच्या खात्यातली शिल्लक दाखवणारं पान ही पुरी.

शब्दाच्या दृष्टीने याहून गमतीचं म्हणजे हे विशेषण मागाहून चिकटलेलं आहे. १९९१मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतलं पहिलं संकेतस्थळ लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा पान म्हणजे मुळात फाइलच. १९९३मध्ये सीजीआय ही पद्धत आली, मागणीगणिक प्रोग्राम चालवून पान बनवता येऊ लागलं, आणि मग जुन्या प्रकाराला वेगळं नाव लागलं. आपल्याकडे गॅस घरोघरी येईपर्यंत 'चुलीवरची भाकरी' कोण म्हणत होतं? भाकरी ती भाकरी. ब्रॉयलर आली आणि कोंबडी गावरान झाली. म्हणून माझा कौल 'तयार फाइल'ला. 'धारिका' आणि सरकारी 'नस्ती' मला आवडतात, पण नस्ती म्हटलं की डोळ्यांसमोर लाल फीत येते. फाइल मराठीच झाली आहे. तिचं अनेकवचनही आपण 'फायली' असं आपल्या चालीवर करतो.

'असिंक्रोनस' हा खरा कठीण तुकडा. हिंदी परिभाषेतलं 'अतुल्यकालिक' बरोबर असेल, पण मराठी वाचक तिथे अडखळतो. 'असमकालीन' नको, कारण समकालीनचा अर्थ इथे पक्का झाला आहे: तुकाराम आणि शिवाजी महाराज समकालीन, ज्ञानेश्वर आणि तुकाराम नव्हेत. शतकांचं अंतर सुचवणारा शब्द मिलिसेकंदांच्या कामाला कशाला?

अर्थ पाहा. १९९९मध्ये डॅन केगल या प्रोग्रामरनी प्रश्न मांडला की एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात. ईगर सिसोयेव्ह यांचं इंजिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर २००४मध्ये आलं ते याच प्रश्नाला उत्तर म्हणून. कल्पना एवढीच की एका ग्राहकाचं काम अडलं तर तिथे ताटकळत उभं न राहता पुढच्याकडे वळायचं. यासाठी मराठीत अस्सल शब्द आहे, खोळंबा. 'प्रवाशांचा खोळंबा' आपण दर पावसाळ्यात वाचतो. असिंक्रोनस म्हणजे न खोळंबणारा.

पण लिहिताना एक खोच ध्यानात ठेवा, कारण तुमच्या शीर्षकातली दोन विशेषणं आपसांत भांडतात. नेटवर्कच्या जोडणीवर 'तयार झालं की हाक मार' असं सांगता येतं. डिस्कवरच्या साध्या फाइलवर नाही. अशी हाक मारण्याची लिनक्समधली सोय, ईपोल, तिच्यावर नजर ठेवायलाच नकार देते, आणि त्याच कामाची जुनी सोय, सिलेक्ट, हिला विचारलं की ती 'तयार आहे' असंच म्हणते, मग वाचायला गेल्यावर डिस्क सावकाश हलली तरी. म्हणजे न खोळंबणारा सर्व्हर सर्वांत सोप्या कामावर खोळंबतो! त्यावर उपाय म्हणून नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटातलं लिबयूव्ही हे काम वेगळ्या थ्रेडांवर, म्हणजे प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या धाग्यांवर, सोपवतं. वेगळं सांगितलं नाही तर असे धागे फक्त ४. इंजिनएक्समध्ये अशी सोय २०१५मध्ये आली.

याच प्रकरणात 'सेंडफाइल' येईल. त्यात फाइलमधला मजकूर सर्व्हरच्या प्रोग्रामच्या स्मृतीत न आणता कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो थेट जोडणीवर सोडतो. तिथे 'थेट' ऐवजी 'परस्पर' लिहून पाहा. संस्कृतात त्याचा अर्थ एकमेकांना. बोलीत मात्र 'त्याने पैसे परस्पर दिले' म्हणजे मधल्याच्या हाती न लागू देता. सेंडफाइल नेमकं तेच करतं.

शीर्षक मी असं लिहीन: 'न खोळंबणाऱ्या सर्व्हरवरून तयार फायली पुरवणे'. पहिल्या परिच्छेदात एकदा असिंक्रोनस आणि स्टॅटिक हे शब्द देवनागरीत द्या, म्हणजे वाचकाला नंतर शोधाशोध करताना ते हाती असतील. आणि 'जालसेवक' तेवढा काढून टाका. पुस्तिकाभर तो खांद्यावर पंचा टाकून हिंडत राहील.