कोरोनाची साथ ओसरलेली नसताना प्रेक्षकांसह ग्रँड स्लॅम स्पर्धा भरवणे योग्य होते का?

आपण विचारले आहे की, २०२१च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात लसीकरण सुरूही झालेले नसताना मेलबर्नमध्ये दररोज ३० हजार लोकांना ऑस्ट्रेलियन ओपन पाहण्यास येऊ देणे हा बेजबाबदारपणा नव्हता का. माझ्या मते तो निर्णय समर्थनीय होता. मात्र मुखपट्ट्या, निम्मी रिकामी आसने आणि उघड्यावरचा खेळ ही जी कारणे त्याच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केली जातात, ती मला दुय्यम वाटतात.

मुख्य कारण हे की त्या वेळी मेलबर्न शहरात विषाणू जवळजवळ नव्हताच. २०२०च्या मध्यात व्हिक्टोरिया राज्यात आलेल्या दुसऱ्या लाटेत सुमारे ८०० माणसे दगावली होती आणि शहराने ११२ दिवसांची कडक टाळेबंदी सोसली होती. त्या टाळेबंदीचे फळ म्हणजे प्रेक्षकांना मिळालेली मुभा. धोका होता तो बाहेरून, म्हणजे खेळाडू आणि त्यांचे सहकारी ज्या विमानांनी येणार होते त्या विमानांतून. त्यामुळे आयोजकांनी सगळी शक्ती स्टेडियमच्या दारापेक्षा विमानतळावर लावली, आणि ते योग्यच होते. स्पर्धा तीन आठवडे पुढे ढकलून ८ फेब्रुवारीला सुरू करण्यात आली, पात्रता फेऱ्या जानेवारीत दोहा आणि दुबई येथेच उरकण्यात आल्या, आणि खास विमानांनी आलेल्या सुमारे १२०० जणांना १४ दिवस हॉटेलांत विलगीकरणात ठेवण्यात आले. खेळाडूंना सरावासाठी रोज पाच तास बाहेर पडता येत असे. परंतु लॉस एंजेलिस, अबू धाबी आणि दोहा येथून आलेल्या विमानांत बाधित प्रवासी निघाल्यामुळे ७२ खेळाडूंना ती सवलतही मिळाली नाही आणि त्यांना पूर्ण १४ दिवस खोलीतच काढावे लागले. इतरांच्या तुलनेत त्यांच्यावर अन्याय झाला, हे मान्य करायला हवे. त्यांच्यातलीच जेनिफर ब्रेडी पुढे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. पण एका खेळाडूच्या जिद्दीवरून व्यवस्थेला न्याय्य ठरवता येत नाही.

मैदानावरची व्यवस्था त्यानंतरची. मेलबर्न पार्कचे तीन मोठ्या स्टेडियमांभोवती तीन विभाग करण्यात आले आणि एका विभागाचे तिकीट असलेल्या प्रेक्षकाला दुसऱ्या विभागात जाता येत नसे. यामागचा विचार संसर्ग रोखण्याइतकाच संसर्ग झाल्यास शोध घेण्याचा होता. एखादा प्रेक्षक बाधित निघाला, तर त्या दिवशीच्या सगळ्याच गर्दीचा माग काढावा लागू नये, अशी ही योजना होती.

तरीही माझ्या दृष्टीने खरी कसोटी १२ फेब्रुवारीच्या रात्री लागली. विमानतळाजवळच्या एका विलगीकरण हॉटेलातून संसर्ग बाहेर पसरला होता. ते हॉटेल खेळाडूंचे नव्हते आणि त्या संसर्गाचा स्पर्धेशी संबंध नव्हता. राज्याचे प्रीमियर डॅनियल अँड्र्यूज यांनी त्या दिवशी दुपारी मध्यरात्रीपासून पाच दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. रात्री जोकोविच आणि टेलर फ्रिट्झ यांचा सामना चौथ्या सेटमध्ये रंगात आला असताना साडेअकराच्या सुमारास खेळ थांबवून प्रेक्षकांना घरी पाठवण्यात आले. लोकांनी हुर्यो केली, पण ते गेले. उरलेला सामना रिकाम्या आसनांपुढे झाला, पुढचे पाच दिवस प्रेक्षक नव्हते, आणि १८ तारखेला उपांत्य सामन्यांच्या वेळी ते मर्यादित संख्येने परतले. अखेर संपूर्ण स्पर्धेत मिळून सुमारे १ लाख ३० हजार प्रेक्षक आले. आदल्या वर्षी ही संख्या ८ लाखांच्या वर होती. इतके उत्पन्न बुडत असतानाही परवानगी काही तासांत मागे घेता आली, म्हणूनच ती देणे मला जबाबदारीचे वाटते.

२०२० सालच्या जूनमधील एड्रिया टूर ही टेनिस सामन्यांची मालिका याच्या नेमकी उलट होती. बेलग्रेड आणि झादर येथे जोकोविचच्या पुढाकाराने झालेल्या त्या सामन्यांना गर्दी होती, अंतराचे भान नव्हते, आणि दिमित्रोव्ह, चोरिच, त्रोइत्स्की हे खेळाडू व स्वतः जोकोविच बाधित झाल्यावरच सगळे थांबले. सर्बियात तेव्हा निर्बंध शिथिल झालेले असल्याने हे बेकायदेशीर नव्हते, आणि मला तर तीच बाब अधिक चिंतेची वाटते. पॅरिसने त्याच वर्षी निराळा मार्ग धरला. मे महिन्यातून सप्टेंबरअखेर ढकललेल्या फ्रेंच ओपनची दैनंदिन मर्यादा, शहरात रुग्ण वाढतील तशी, २० हजारांवरून साडेअकरा हजार, मग पाच हजार आणि शेवटी अवघी एक हजार करण्यात आली. आयोजकांसाठी हे क्लेशदायक असणार, पण निर्णयाची दिशा बरोबर होती. न्यूयॉर्कने यूएस ओपनला प्रेक्षकच येऊ दिले नाहीत. विम्बल्डनने स्पर्धाच रद्द केली; अर्थात त्या क्लबपाशी साथीच्या रोगाचा समावेश असलेला विमा होता आणि इतरांना तशी चैन परवडणारी नव्हती.

२०२१च्या विम्बल्डनला मात्र मी याच मापाने मोजणार नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा रुग्ण वाढत असूनही सुरुवातीला निम्मी आणि अंतिम सामन्यांना सेंटर कोर्टची सगळी आसने भरू देण्यात आली. तेथे भरवसा विषाणूच्या अभावावर नव्हता. तो लसीवर आणि प्रवेशासाठी मागितलेल्या लसीकरणाच्या किंवा चाचणीच्या पुराव्यावर होता, शिवाय सरकारने हा निर्णय एका अभ्यास कार्यक्रमाचा भाग म्हणून मान्य केला होता. लस नसलेल्या काळात तोच निर्णय घेतला असता, तर मी त्याला विरोध केला असता.

मेलबर्नबाबत माझा खरा आक्षेप प्रेक्षकांविषयी नाही. त्या जानेवारीत हजारो ऑस्ट्रेलियन नागरिक परदेशांत अडकून पडले होते, कारण देशात दर आठवड्याला किती जणांना परतू द्यायचे यावर मर्यादा होती आणि ती नुकतीच आणखी घटवण्यात आली होती. खेळाडूंसाठीची विलगीकरणाची जागा या मर्यादेबाहेरची आहे, तिच्यामुळे कोणत्याही नागरिकाची जागा गेलेली नाही, असे सरकारचे म्हणणे होते. हिशेबाने ते बरोबर धरले, तरी टेनिससाठी जादा हॉटेले, कर्मचारी आणि विमाने उभी करता येत असतील, तर तीच तजवीज स्वतःच्या नागरिकांसाठी का झाली नाही, या प्रश्नाला मला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.